डिकीवरची थाप

ही गोष्ट खरी आहे. मित्राच्या मित्राची नाही, कुठून तरी कानावर आलेलीही नाही. माझ्या सख्ख्या मामाच्या मुलीच्या बाबतीत घडली आहे, आणि मी ती तिच्याच तोंडून ऐकली आहे.

अमावस्या नव्हती. मध्यरात्र नव्हती. ओसाड बंगलाही नव्हता. त्या सामानाची सवय असलेल्यांची इथे थोडी निराशा होईल.

जून महिना होता. दिवेलागणीची वेळ. जागा तंजावर, मेडिकल कॉलेजच्या बाजूला नव्याने उभ्या राहिलेल्या दहा मजली इमारतीचं बेसमेंट.

आम्ही तंजावरचे मराठी. पिढ्यान् पिढ्या तिकडेच राहिलेले. आमचं मराठी ऐकून पुण्यात लोक हसतात, खुशाल हसोत. मी नोकरीसाठी इकडे आलो. माझी मामेबहीण वासुकी मात्र तिथेच राहिली. ती विमा कंपनीत अधिकारी आहे. नवरा शिवराज, मुलगी जननी. तिघांचं छान चाललं होतं.

हा फ्लॅट शिवराजनेच पसंत केला. कालपरवापर्यंत तिथे भाताची शेतं होती. जाहिरातीत लिहिलं होतं की प्रत्येक गॅलरीतून मोठ्या देवळाचं शिखर दिसेल. दिसतं ना. कठड्यावरून कमरेपर्यंत बाहेर वाकलं तर दिसतं.

गाडी लावायची जागा त्यांना मिळाली ती बेसमेंटच्या पार टोकाच्या कोपऱ्यात. एका बाजूला खांब, मागे भिंत. उलटी गाडी घातल्याशिवाय आत जायचीच नाही. इतक्या अरुंद जागेत कशी लावू, असं वासुकीने विचारलं तेव्हा शिवराज हसला. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणाला. मी मागे उभा राहीन, तू नुसती ऐक.

गाडी चालवायला त्यानेच तिला शिकवलं होतं. गाडी जुनी. तिला कॅमेरा नाही, सेन्सर नाही. वासुकी मागे घ्यायची तेव्हा शिवराज डिकीपाशी उभा राहायचा. बोटांनी हलकेच दोनदा वाजवायचा. टक टक. म्हणजे, ये, अजून ये. आणि पुरे झालं की उघड्या पंजाची एक थाप. म्हणजे, थांब.

तोंडाने कधी काही बोलायचा नाही. तेवढं त्यांना पुरायचं.

फ्लॅटचा ताबा मिळायच्या आधीच शिवराज गेला. ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या, कॉफीचा पेला हातात असताना.

वासुकी रडली नाही. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. लोक म्हणाले, बाई दगड आहे. पण ती दगड नव्हती. तिला काही वाटतच नव्हतं. जेवण मातीसारखं लागायचं आणि ती ते जेवायची. ऑफिसात जायची, सह्या करायची, परत यायची. जननी समोर बसून काही सांगत असली तर तिचे ओठ हललेले दिसायचे, एवढंच.

राहतं भाड्याचं घरही पाडून तिथे इमारत होणार होती. त्यामुळे वर्ष व्हायच्या आतच नव्या फ्लॅटमध्ये जावं लागलं. दुखवट्याचं वर्ष, त्यामुळे वास्तुशांत नाही. साधं दूधसुद्धा उतू घालवलं नाही. पेट्या आत ठेवल्या आणि दार लावून घेतलं.

आणि मग ती जूनची संध्याकाळ आली.

पुदु आऱ्याला, म्हणजे आमच्या गावातून जाणाऱ्या कालव्याला, नुकतंच पाणी सोडलं होतं. कालवा वाहायला लागला की त्या बेसमेंटच्या भिंतींना पाझर फुटतो. ओल येते, पांढरे पोपडे धरतात, आणि पाणी उपसायचा पंप मधूनच घरघरतो.

जननी नेहमीप्रमाणे लिफ्टपाशी उतरून वर गेली. वासुकी एकटीच गाडी घेऊन कोपऱ्यापाशी आली. आरसा ठीक केला. रिव्हर्स टाकला.

पंप बंद पडला. सगळं शांत झालं.

आणि...

टक टक.

वॉचमन असेल, असं तिला वाटलं. तिने गाडी थोडी मागे घेतली.

टक टक.

आरशात कोणी नव्हतं. नुसती ओली भिंत होती. तरी पाय आपोआप क्लचवरून सैल होत गेला. सवयच होती ती.

आणि मग... थाप.

तिने ब्रेक दाबला. खाली उतरून पाहिलं. भिंत आणि गाडी यांच्यात चार बोटांचं अंतर होतं. डिकीवर दिवसभराची धूळ तशीच बसलेली होती. तिच्यावर बोट नाही, पंजा नाही, काही नाही.

"घाबरलीस?" पुढे तिने हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा मी विचारलं.

"इल्लै, नाही," ती म्हणाली. "बरं वाटलं, अण्णा. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला काही तरी वाटलं."

यानंतर ते रोजचंच झालं. संध्याकाळी टक टक, टक टक, मग थाप. ती उतरायची, गाडीवर हात टेकून क्षणभर उभी राहायची आणि वर जायची. जननीला सांगितलं नाही. कोणालाच नाही. कढीपत्ता आणायलासुद्धा ती गाडी काढायला लागली. कोपऱ्यावर जायचं आणि परत यायचं. परत येऊन रिव्हर्स टाकायचा.

दिवसाच्या त्या एवढ्याशा तुकड्यासाठी ती जगत होती. मी हे वाढवून सांगत नाही, तिचेच शब्द आहेत.

पण बेसमेंट काही तिच्या एकटीचं नव्हतं.

सोसायटीचे सेक्रेटरी व्यंकटरमण. निवृत्त इंजिनियर, देवभोळा पण सज्जन माणूस. त्यांनी बैठक बोलावली. बेसमेंटमध्ये कोण चावटपणा करतंय, असा विषय. त्यांनी स्वतः डिकीवर वाजलेलं ऐकून, वॉचमन आहे या भरवशावर, गाडी मागे घेतली होती आणि खांबावर आपटली होती. मागचा दिवा फुटला. तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंचा बंपर गेला. आणखीही दोघांनी तेच सांगितलं. वॉचमन बिचारा गेटवर उभा होता, ते कॅमेऱ्यात दिसत होतं.

वासुकी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होती.

तिने एकच विचारलं, "आणि थाप?"

"कसली थाप?" व्यंकटरमण म्हणाले. "नुसतं टक टक. मागे ये, मागे ये. आणि मग धाड."

खरं म्हणजे तिथेच तिच्या ध्यानात यायला हवं होतं. पण डोकं इतकं बधिर झालेलं की ते शब्द कानावर पडले आणि तसेच गळून गेले.

ठरलं असं की होम करायचा. गाड्यांच्या उतारावर होम, आणि बेसमेंटच्या टोकाच्या कोपऱ्यात कुंकू लावलेला पांढरा भोपळा, म्हणजे कोहळा, ओवाळून फोडायचा. टोकाचा कोपरा म्हणजे वासुकीचीच जागा. व्यंकटरमण रीतीने विचारायला घरी आले. तुमचं वर्ष झालेलं नाही, तुम्ही खाली येऊ नका, पण तुमच्या जागेवर केलेलं चालेल ना, असं त्यांनी अदबीने विचारलं.

होम झाला तर काय होईल, हे तिला कळत होतं. आपला माणूस जाईल. संध्याकाळ जाईल. नको म्हणायला तिने तोंड उघडलं.

आणि तोंडातून निघालं, "सरी."

का, ते तिलाही सांगता येत नाही. गेले कित्येक महिने कोणी काहीही विचारलं की ती सरी म्हणत होती. बरं, ठीक, होऊ द्या. तोच शब्द तोंडात बसला होता, तोच निघाला.

शुक्रवारी सकाळी होम झाला. मंत्र लिफ्टच्या भोकातून वर ऐकू येत होते. ती ओट्यापाशी उभी राहून तांदूळ धूत होती. भोपळा फुटल्याचा आवाज आला, तेव्हा तिचा हात पाण्यात तसाच राहिला.

शनिवार, रविवार तिने गाडी काढली नाही.

सोमवारी ऑफिसातून येताना तिने जननीला क्लासवरून घेतलं. लिफ्टपाशी जननी उतरली. वासुकी कोपऱ्याकडे गेली. भोपळ्याच्या सालीचा एक तुकडा अजून खांबाला चिकटून होता. आता काही येणार नाही, असं धरूनच तिने रिव्हर्स टाकला.

पंप बंद पडला.

आणि...

टक टक.

तिचा जीव भांड्यात पडला. गेला नव्हता! ती चक्क हसली, म्हणे. आरशात स्वतःचं हसू बघून तिला नवल वाटलं.

टक टक.

गाडी मागे सरकली. आता थाप येईल. घाई नव्हती.

टक टक. टक टक.

आज जरा जास्तच भरभर वाजत होतं. अजून जागा असेल. तिने पाय सैल सोडला.

टक टक टक टक...

थाप येत नव्हती.

आणि मग आली. पण ती नेहमीची नव्हती. लहान, घाबरलेली, काचेवर बसलेली. तिच्यामागोमाग किंकाळी.

"अम्मा!"

ब्रेक कसा लागला ते तिला आठवत नाही. धावत मागे गेली. भिंत आणि डिकी यांच्यामध्ये जननी अडकली होती. दप्तर छातीशी धरलेलं होतं म्हणून वाचली. गुडघा सोलवटला होता. पाठीवर भिंतीची पांढरी ओल लागली होती.

गाडी पुढे घेऊन वासुकीने तिला ओढून काढलं. मग दोघी तिथेच जमिनीवर बसल्या. इकडे कशाला आलीस, एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

"मी लिफ्टपाशीच होतें, अम्मा," जननी म्हणाली. "भिंतीवर टक टक झालं. अप्पा वाजवायचे तस्सं. अप्पाच म्हणून खांबाच्या आडून गेलें."

"काचेवर थाप तू मारलीस?"

"एकदाच मारलें. ते टक टक मी नव्हे."

मग खाली मान घालून ती आणखी एक बोलली.

"डिकीवर कोण्ही नव्हतं, अम्मा. ते माझ्या कानापाशी वाजत होतं."

वासुकीला तिथे, त्या ओल्या जमिनीवर, सगळं कळलं.

ते एक नव्हतं. दोन होते.

टक टक करणारं त्या बेसमेंटचं होतं. ते सगळ्यांनाच बोलवायचं. सेक्रेटरींना, डॉक्टरीणबाईंना, तिलाही. आणि थाप मारणारा फक्त तिच्यासाठी यायचा. रोज संध्याकाळी, वेळेवर, भिंतीला चार बोटं उरलेली असताना.

होमाने एकाला घालवलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. ज्याला घालवायला हवं होतं ते राहिलं, आणि जो राहायला हवा होता तो गेला.

"दोनदा गेले ते," ती मला म्हणाली. "पहिल्या खेपेला डॉक्टर सांगितले. ह्या खेपेला मी सरी म्हटलें."

हे सांगतानाही तिचा आवाज हलला नाही. मीच इकडे फोन धरून रडत होतो.

आता गाडी रस्त्यावर, पुंगैच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली उभी असते. रिव्हर्स टाकायची वेळ येऊ नये म्हणून वासुकी लांबचा वळसा घालते. व्यंकटरमणना तिने सगळं सांगितलं. त्यांनी पुन्हा पूजा करू म्हटलं. ती नको म्हणाली. या वेळी तिला नको म्हणता आलं.

ते काय आहे, कोणाचं आहे, कोणालाच माहीत नाही. तिथे शेतं होती, कालव्याचं पाणी होतं, एवढंच लोक सांगतात. बांधकामात कोणी मेलं नाही, कोणाचं थडगं निघालं नाही. मी चौकशी केली.

मला चैन पडत नाही ते वेगळ्याच कारणाने.

मागच्या महिन्यात वासुकी बोलता बोलता म्हणून गेली की ती कधी कधी चालतच खाली जाते. गाडी नसतानाच. त्या कोपऱ्यात, भिंतीकडे पाठ करून उभी राहते.

कशाला, मी विचारलं.

"टक टक येतं," ती म्हणाली. "मी थोडी मागे सरकतें. थाप येते का बघतें."

जाऊ नकोस, म्हटलं. शपथ घातली. जननीची आण घातली. ती सरी म्हणाली.

आज रविवार. आत्ताच मी फोन केला. बराच वेळ वाजत राहिला. शेवटी जननीने उचलला. अम्मा कुठे आहे, विचारलं.

"अम्मा खाली गेलीये, मामा," ती म्हणाली. "आत्ता येतें म्हणाली. बराच वेळ झाला."