झुकरमनच्या कॉलनीतला भोंगा

ज्याला खोटं वाटेल त्याने इथेच थांबावं. मला कुणाची मनधरणी करायची नाही.

हे माझ्या ब्लूमा मावशीच्या बाबतीत घडलं. साल १९५६, ऑगस्ट महिना, शनिवारची दुपार. न्यूयॉर्कजवळच्या कॅट्सकिल डोंगरातली झुकरमनची कॉलनी, ज्यू कुटुंबांना उन्हाळ्यापुरत्या भाड्याने मिळणाऱ्या बंगल्यांची. रात्र नव्हती, वादळ नव्हतं. लख्ख ऊन पडलं होतं. तो आवाज अख्ख्या कॉलनीने ऐकला, आणि नंतर एकानेही तोंड उघडलं नाही.

त्या काळचे फोटो बघा. सगळे हसताना दिसतील. बायका झाडाखाली पत्ते पिसतायत, पोरं तळ्यात डुंबतायत, शुक्रवारी शहरातून आलेले नवरे बनियनवर लोळतायत.

आता त्या फोटोंत म्हातारी माणसं शोधा.

बरीचशी सापडणार नाहीत. ती मागे शहरात, ब्रॉन्क्समध्ये होती. पाचव्या मजल्यावर. उन्हाळ्याच्या भट्टीत.

ब्लूमाची सासू, फ्रुमा, अशीच मागे ठेवलेली. बंगलीत तिची खाट सहज मावली असती. पण ब्लूमाने नवऱ्याला, हायमी काकांना, सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, डोंगराची हवा आईंच्या हृदयाला सोसायची नाही."

कुठल्याच डॉक्टरने असं म्हटलं नव्हतं.

हायमी काकांनी खोदून विचारलं नाही. सोमवार ते शुक्रवार ते शहरात कोटांच्या कारखान्यात राबत. रात्री आईकडे डोकावून येत. त्यांनाही ते उत्तर सोयीचं होतं. सोय ही फार वाईट गोष्ट आहे.

कॉलनीत फोन एकच. ऑफिसात. फोन आला की मालकीण येट्टा झुकरमन माईकवर नाव पुकारायची आणि खांबावरचा भोंगा तळ्यापर्यंत ओरडायचा. कुणाला कुणाचा फोन, सगळ्या गावाला कळायचं. म्हणून बायकांनी येट्टाशी संधान बांधलेलं. खिडकीकडे बघून हात हलवला की येट्टा फोनवर सांगायची, "नाहीये हो ती, तळ्यावर गेलीय."

फ्रुमा रोज पाच मजले उतरून खालच्या सिगारेटच्या दुकानातून फोन लावायची.

जुलैतल्या एका मंगळवारी बायका माहजोंगचा सोंगट्यांचा खेळ मांडून बसल्या होत्या. ब्लूमाला डाव संपवायला एकच सोंगटी हवी होती.

"ब्लूमा पर्लमुटर, फोन! ब्रॉन्क्सहून!"

"आल्या गं बाई सासूबाई," सॅडी म्हणाली. "आज काय? पाय सुजले, की शेजारीण चोर निघाली?"

"शेजारणीने सुजलेले पाय चोरले असतील," ब्लूमा म्हणाली.

सगळ्या फिदीफिदी हसल्या. ब्लूमाने खिडकीकडे हात हलवला.

भोंगा परत ओरडला. "ब्लूमा, त्या म्हणतायत, थांबते!"

ब्लूमाने परत हात हलवला. या वेळी जरा जोरात.

पुढच्याच फेरीत तिला ती सोंगटी मिळाली.

त्याच संध्याकाळी फ्रुमा जिन्यात सापडली. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये. कठड्याला टेकून बसलेली, जरा दम खात असल्यासारखी.

शहरात ज्यू रीतीने सात दिवस सुतक पाळलं. आरशांवर चादरी, बसायला बुटकी स्टुलं. एका संध्याकाळी हायमी काका हळूच म्हणाले, "दुकानदार सांगत होता, आईने शेवटचा फोन तुला लावला होता."

"मला?" ब्लूमा म्हणाली. "मला कुणी बोलावलंच नाही. ती येट्टा भोंग्यात निम्मी नावं गिळते."

काकांनी मान खाली घातली. पण त्यानंतर ते रोज तेच घोकायचे. "काय सांगायचं असेल गं तिला?"

भाडं सीझनभराचं भरलेलं, म्हणून सुतक संपल्यावर ती पुन्हा डोंगरात. सुतकात ब्लूमा काय बोलली ते येट्टाच्या कानावर आलं होतं; तिने तिला धुण्याच्या दोरीपाशी गाठलं.

"मी तोंड बंद ठेवीन," ती म्हणाली. "पण माझ्यावर ढकलायला तुला लाज नाही वाटली?"

ब्लूमाने दोरीवर पुढची चादर टाकली. पण काका डोंगरात आले की तिचं लक्ष येट्टाच्या तोंडाकडे असायचं. हा माणूस मला सोडून जाईल. एवढा एकच विचार. मेलेल्या बाईचा नव्हे, स्वतःचा.

आणि मग तो शनिवार.

शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत, आमच्यात दिवा लावत नाहीत, फोनला हात लावत नाहीत. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत येट्टा माईकचा प्लग काढायची, माईक टॉवेलात गुंडाळायची, ऑफिसला कुलूप लावायची. ते तिने त्याही शुक्रवारी केलं होतं.

झाडाखाली लांबलचक टेबलं मांडलेली. आदल्या दिवसापासून मंद आचेवर शिजलेलं मांस-बटाट्याचं चोलेंट वाढलेलं. येट्टा ब्लूमाच्या अगदी समोर बसली होती. तोंडात बटाटा.

खांबावरचा भोंगा...

खर्रर्र.

कुणीतरी म्हणालं, "पोरं गेली वाटतं आत."

"ब्लूमा पर्लमुटर... फोन. ब्रॉन्क्सहून."

आवाज येट्टाचा होता.

येट्टा समोर बसली होती. ओठ मिटलेले. बटाटा तसाच गालात. डोळे मात्र हळूहळू मोठे होत गेले.

चमचे थांबले.

मग बंद ऑफिसात फोन वाजायला लागला.

वाजत राहिला... वाजत राहिला...

"शब्बाथ आहे. वाजू दे," म्हातारा झुकरमन पुटपुटला.

हायमी काका उठले. "कुणाच्या जिवावर बेतलं असेल तर? जीव वाचवायला शब्बाथ मोडता येतो. मी घेतो."

"मी घेते!" ब्लूमा ओरडली. बाक मागे आडवं पडलं.

ती धावत सुटली. जीव वाचवायला नाही. तिला एवढंच कळत होतं, की पलीकडे जे कुणी असेल त्याच्याशी हायमी बोलता कामा नये.

कुलूप लावलेलं दार... नुसतं लोटल्यावर उघडलं.

माईक टेबलावर टॉवेलात गुंडाळलेला. प्लग निघालेला. तिने रिसीव्हर उचलला.

आधी काहीच नाही.

मग सपातांचा आवाज. एक पायरी... आणि श्वास. एक पायरी... आणि श्वास. जिन्यात घुमतो तसा.

"ब्लूमेले?" सासूची लाडाची हाक, आवाज अगदी साधा. रागाचा लवलेश नाही. "दम लागतोय गं... मला जास्त नाही बोलायचं. हायमी आहे ना जवळ? त्याला दे जरा."

ब्लूमाने वळून पाहिलं. काका दारात उभे होते. हात पुढे केलेला.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

पलीकडे श्वास थांबला होता. म्हातारी ऐकत होती.

ब्लूमा काकांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "चुकीचा नंबर."

आणि तिने फोन ठेवून दिला.

"चुकीचा नंबर, आणि तुझं नाव घेऊन?"

"ब्लूमा नावाच्या पन्नास बायका असतील या डोंगरात."

काकांनी हात खाली घेतला. फोनकडे एकदा बघितलं आणि ते टेबलाकडे परतले. "काय सांगायचं असेल गं तिला" हा प्रश्न त्यांनी पुन्हा कधी विचारला नाही. का विचारला नाही, ते मावशीलाही कळलं नाही. तेहतीस वर्षं ती त्यांच्याशेजारी झोपली, त्यांना जेवायला वाढलं, आणि रोज वाट बघितली की आज विचारतील.

भोंग्यातून कोण बोललं, फोन कुणी केला, आजवर कळलेलं नाही. येट्टाने त्या हिवाळ्यात भोंगा उतरवून भंगारात दिला आणि वर्षभरात कॉलनी विकली.

मावशीने हे मला तिच्या म्हातारपणी सांगितलं. कपबश्या विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करून. मला तिची चीड आली, हेही लिहून टाकतो. दोनदा बोलावलं म्हातारीने, आणि दोन्ही वेळा हिने तोंडावर दार लावलं.

निघताना तिने माझी बाही धरली.

"तुझ्या काकांना कळू देऊ नकोस हं."

"मावशी, काकांना जाऊन नऊ वर्षं झाली."

"म्हणून तर," ती म्हणाली. "आता रोज भेटत असतील मायलेक."