हवालदाराचा रोख

चारही पिल्लं झोपेत पुढचा उजवा पाय उचलत होती. प्रयोगशाळेच्या गुळगुळीत फरशीवर चार गाद्या होत्या. त्यांवर आठ महिन्यांची चार कुत्री आडवी पडली होती आणि प्रत्येकाच्या डोक्यावर मऊ जाळीचा टोप होता. मध्येच एकाची शेपूट ताठ व्हायची, की पाठोपाठ बाकीच्या तिघांचीही. इमलाबाई काळे दारात हाताची घडी घालून हे बघत उभ्या होत्या. त्यांना हसू येत होतं आणि रागही येत होता. जे शिकवण्यात त्यांनी दर कुत्र्यामागे दोन-दोन वर्षं घालवली, ते ही कारटी घोरत घोरत शिकत होती.

इमलाबाईंचा हातखंडा एकाच विद्येत होता. गवतात दडलेल्या पक्ष्याचा वास लागला, की कुत्र्यानं झेप घ्यायची नाही, भुंकायचं नाही. जिथल्या तिथे थिजायचं, एक पाय उचलायचा आणि नाक पक्ष्याकडे धरून राहायचं. याला त्या 'रोख धरणं' म्हणत. डॉ. मैथिली उपळेकर यांना तो शब्द भारी आवडला होता. दिशा दाखवणंही रोख आणि स्वतःला आवरून धरणं म्हणजेही रोखणं! त्यांनी आपल्या प्रकल्पाचं नावच 'रोख' ठेवलं. एके काळी ही विद्या शिकारीसाठी होती. आता शिकार बंद झाली होती आणि विद्येला नवं काम मिळालं होतं.

काम होतं तणमोराच्या घरट्यांचं. वाशीमकडच्या माळांवर हा पक्षी पावसाळ्यात गवतात अंडी घालतो, आणि त्याच गवतावर कापणीची यंत्रं फिरतात. आधी कुत्रं फिरवायचं, घरटं सापडलं की निशाणी रोवायची आणि तेवढं गवत सोडून द्यायचं, असा बेत होता. गेली नऊ वर्षं इमलाबाई आणि त्यांचा म्हातारा कुत्रा हवालदार एका माळावर हेच करत होते. त्याचं नाव हवालदार का, असं कुणी विचारलं तर त्या म्हणत, "आमी पारधी मानसं. जन्मभर हवालदार आमच्या मागं. म्हनलं, एखादा तरी पुढं चालू दे!"

पण आता हवालदाराच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माळ होते एकोणीस आणि इमलाबाई एक.

त्या दिवशी सकाळी परीक्षक म्हणून डॉ. नासिर मुजावर आले. पक्ष्यांच्या अभ्यासात केस पांढरे झालेला माणूस, बोलायला गोड आणि मानायला कठीण.

"हे स्मृतिरोपण नेमकं करतं काय?" त्यांनी टोपाला बोट लावत विचारलं.

"हवालदार रोख धरतो, त्या क्षणी त्याच्या मेंदूत एक ठसा उमटतो," मैथिली म्हणाल्या. "असे तीनशे बारा ठसे आम्ही नोंदवले. पिल्लं झोपली की तेच ठसे हलक्या लहरींनी त्यांच्या मेंदूत उमटवायचे. झोपेत मेंदू आठवणी पक्क्या करतो. इथे आठवण फक्त दुसऱ्याची असते. तीन आठवड्यांत पिल्लाला वाटू लागतं, की हे आपण जन्मभर करत आलोय."

"ठसा कशाचा? वासाचा?"

"मुख्यतः वासाचाच."

"तिथेच माझं अडतं." मुजावरांनी चष्मा काढून पुसला. "तणमोराची मादी अंड्यांवर बसली की पंखांना चोपडायचं मेण बदलते. कोल्ह्याला सुगावा लागू नये म्हणून तिचा वास जवळजवळ शून्य होतो. माझ्या गंधयंत्रालाही सापडत नाही ती. मग तुमच्या हवालदाराला कशी सापडते?"

"ते मला ठाऊक नाही," मैथिलींनी सरळ कबूल केलं. "पण उतरवून घ्यायला समजावं लागत नाही, सर. न कळणाऱ्या भाषेतलं पानही आपण अक्षरन् अक्षर उतरवू शकतो. हवालदार ज्याचा माग घेतो, त्याचाच ही पिल्लं घेतील. ते काय आहे, ते मागाहून शोधू."

इमलाबाई दारातूनच म्हणाल्या, "नाक हाय त्याले, जी. यंत्राले कुठं हाय?"

पिल्लांचे तीन आठवडे पुरे झाले होते, त्यामुळे पहिली चाचणी लगेच झाली. महिनाभर दुर्बीण लावून शोधलेल्या सात घरट्यांच्या जागा फक्त मुजावरांच्या वहीत होत्या. इमलाबाई पिल्लांना घेऊन निघाल्या, त्याही आपल्या जुन्या पद्धतीनं. सारी पुस्तकं सांगतात की माणसानं कुत्र्याच्या मागे राहावं. इमलाबाई वाऱ्याच्या वरच्या अंगानं, पाच-सहा पावलं बाजूनं चालायच्या. कुत्र्याला आपल्या माणसाचा वास सतत येत राहिला पाहिजे, नाहीतर त्याचा जीव थाऱ्यावर राहत नाही, असं त्यांचं म्हणणं.

ठिपकीनं पहिला रोख धरला. मग बारक्यानं, मग भिंगरीनं. सर्वांत धांदरट म्हणून ज्याला इमलाबाईंनी रोज शिव्या घातल्या, त्या सोंगाड्यानं तर असा पाय उचलला की जणू कुणी त्याचा फोटोच काढणार होतं. सातपैकी सात घरटी सापडली, एकही मादी उडाली नाही. इमलाबाईंचा ऊर भरून आला. कसले टोप नि कसल्या लहरी, पिल्लं त्यांच्या अंगाखांद्यावर वाढली होती. चौघांच्या कपाळावरून हात फिरवताना त्यांचे डोळे पाणावले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

मुजावरांनी वही मिटली. "उत्तम. आता बाईंशिवाय."

"म्हंजे?"

"गैरसमज नको, इमलाबाई. शिकवणारा माणूस नकळत खुणा करतो. मान हलते, पाऊल अडखळतं आणि कुत्रं तेच वाचतं. बाकीच्या अठरा माळांवर तुम्ही नसणार. तिथे पिल्लांना एकट्यानं जमलं पाहिजे. नाही जमलं तर प्रकल्प इथेच थांबेल, पिल्लं कुठल्याशा गोदामाच्या राखणीला जातील आणि सोमवारी यंत्रं गवतात उतरतील."

इमलाबाईंना ते झोंबलं. "मी खुना करते म्हन्ता? नऊ वर्सं झाली, साहेब. एक डाव बोट नाई उचललं मी. इमान हाय माह्या कामात!"

"मग काळजी कसली?" मुजावर शांतपणे म्हणाले.

दुसरा माळ समोरच होता. इमलाबाईंना दोनशे पावलांवरच्या उंचवट्यावर, जुन्या लाल झेंड्यापाशी उभं राहायला सांगण्यात आलं. मुजावरांचा डोळा खुणांवर होता, वाऱ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. वारा उंचवट्यावरून थेट माळावर येत होता.

इमलाबाई चढण चढल्या. गवत कमरेला लागत होतं. झेंडा दोन-चार पावलांवर राहिला आणि त्यांचं पाऊल पुढे पडेना. गुडघे धरले असतील, असं त्यांना वाटलं. छातीतला श्वासही अडकल्यासारखा झाला. पिल्लांची काळजी, दुसरं काय, असं म्हणून त्या तिथेच थांबल्या.

खाली पिल्लं सुटली. ठिपकी धावत गेली आणि मुजावरांच्या वहीतल्या पहिल्या घरट्याला हातभर अंतरावरून ओलांडून गेली. बारक्यानंही तेच केलं. दुसरं घरटं गेलं, तिसरं गेलं. मैथिलींच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. इमलाबाईंना एवढ्या लांबून घरटी ठाऊक नव्हती, पण पिल्लं बावरलीत हे कळायला वही लागत नाही. गोदामाच्या फाटकाला साखळीनं बांधलेला सोंगाड्या त्यांच्या डोळ्यांपुढे आला.

तेवढ्यात ठिपकी थांबली. तिनं नाक वर केलं, सबंध अंगानं वळली आणि थिजली. पाय उचललेला, शेपूट ताठ, नाक सरळ उंचवट्याकडे. बारक्या वळला. भिंगरी वळली. सोंगाड्याही वळला. चारही पिल्लांनी इमलाबाईंचा रोख धरला होता.

जीपचा ड्रायव्हर खो खो हसला. "घ्या! बाईच हुडकून काढल्या!"

"मी म्हणालो होतो," मुजावर हळूच म्हणाले, आणि त्यांना ते म्हणताना आनंद झाला नाही. "उपळेकर, तुमच्या पिल्लांना पक्षी येत नाही. त्यांना बाई येतात. जा रे, जीप घेऊन जा आणि बाईंना घेऊन ये."

जीप उंचवट्याकडे निघाली, गवत चिरत. इमलाबाईंनी ती येताना पाहिली आणि दोन्ही हात आडवे केले. तसं का केलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या ओरडल्या नाहीत. जीप अलीकडेच थांबली. मान खाली घालून त्यांनी हळूहळू समोरचं गवत न्याहाळलं.

झेंड्याच्या काठीला लागूनच, गवताच्या बुडाशी, एक डोळा होता. काळाभोर, न लवणारा. त्याच्याभोवती मग पिवळट-तपकिरी पाठ दिसू लागली, मग लांब मान. तणमोराची मादी अंड्यांवर बसली होती. इमलाबाई आणखी दोन पावलं गेल्या असत्या तर तिच्यावरच पाय पडला असता.

मुजावर तिथवर चालत आले आणि गवतात गुडघ्यांवर बसले. मग सगळ्यांना मागे घेऊन त्यांनी विचारलं, "तुम्हाला ही केव्हा दिसली?"

"आत्ता. पिल्लं वळली त्याच्या मागून. सपत घ्या."

"आणि थांबलात केव्हा?"

"आल्या आल्या. पाऊलच पडेना."

मैथिलींनी कपाळावर हात मारून घेतला. "तीनशे बारा नोंदी, सर! एकाही नोंदीत हवालदार एकटा नव्हता. प्रत्येक वेळी इमलाबाई वाऱ्याच्या वरच्या अंगाला. त्यांचं शरीर पक्षी ओळखतं. टोळ कुठे गप्प झालेत, गवत कुठे उलटं झुकलंय, देव जाणे कशावरून. श्वास थांबतो आणि घामाचा वास बदलतो. त्यांना पत्ता नसतो, पण कुत्र्याच्या नाकाला असतो. मग बाईंचं तोंड जिकडे, तिकडे तो रोख धरतो. इथे इतक्या लांबून तोंड कळलं नाही, म्हणून जिथून वास आला तिकडेच पिल्लं वळली. चुकली नाहीत ती, सर. बसलेल्या मादीला वास नसतो हे तुमचं खरं, आणि हवालदार वासावरच जातो हे माझं खरं. वास इमलाबाईंचा होता."

"म्हंजे मी खुना करत होते?" इमलाबाईंचा आवाज पडला.

"नाही हो," मुजावर म्हणाले. त्यांनी दोन्ही हात जोडले. "नऊ वर्षं घरटी तुम्ही शोधत होता. श्रेय कुत्र्याला जात होतं."

हवालदाराचं एवढं कौतुक आजवर इमलाबाईंनी जगाला सांगितलं होतं. ते सगळं एकदम आपल्याच पदरात येऊन पडल्यावर माणसानं करावं तरी काय? त्यांनी पदर सावरला आणि मान ताठ केली.

मैथिलींना मात्र धीर नव्हता. "इमलाबाई, आता टोप तुम्हीच घाला. ठसे सरळ तुमच्याच मेंदूतून घेऊ. एकोणीस माळांवर एकोणीस मुलींना रोपण करू!"

इमलाबाई हसल्या. "घालीन नं. पन त्याच्यात पक्षी नाई निघायचा, मॅडम. मी लहान होते, माय पुढं चालायची, मी तिच्या मागं. तिची मान थिजली का मी थिजायची. तिनं काय पाह्यलं, कशाचा कानोसा घेतला, ते मले कधी समजलंच नाई. तुमचा टोप माह्यावर लावाल तं त्या एकोणीस पोरी गवतात उभ्या राहून माह्या मायले शोधत बसतील."

मैथिलींच्याच सिद्धांतानं पुढचं पाऊल टाकलं होतं, आणि ते त्यांच्याआधी इमलाबाईंना दिसलं होतं.

"मग एकोणीस माळांचं काय करायचं?" मुजावरांनी विचारलं. या वेळी त्यांचा सूर परीक्षकाचा नव्हता.

"मानसं चालवा कुत्र्यायसंगं. जानती मानसं पुढं, पोरीबारी त्यायच्या मागं. आमच्या बेड्यावर, पारध्यायच्या वस्तीत, गवत वाचनारी अजून हायेत. कोन खरं, कोन नुसतं बोलघेवडं, ते माही माय उभ्या उभ्या निवडून देईल. ऐंशीची झाली, पन मान तशीच हाय तिची."

"त्यांना आणायला आत्ता जीप पाठवतो."

"पाठवू नका. तुमी सोता जा." इमलाबाईंनी गवतात उभ्या असलेल्या जीपकडे बघितलं. "तित्तर धरला म्हनून एक डाव अशीच गाडी आली होती तिले न्यायले. मागं पत्र्यावर बसवली होती, समद्या गावादेखत. आता पुढच्या सीटवर बसवून आना. आन् गावातूनच आना."

मुजावरांनी ड्रायव्हरला खाली उतरवलं, गाडी आल्या चाकोरीनंच मागे घेतली आणि बेड्याचा रस्ता विचारून घेतला.