टोकाची खुर्ची

माझे आप्पा देव मानतात, भूत मानत नाहीत.

तरी हे सांगताना त्यांनी दोनदा पाणी मागितलं. म्हणून मी ते खरं धरतो. तुम्ही काय धरायचं ते तुम्ही ठरवा.

साल १९६६. ऑक्टोबरातला रविवार. भर दुपार. जागा, महाबळेश्वरातलं एक हॉटेल. नाव सांगत नाही.

आप्पा, म्हणजे हिंदुराव, तेव्हा फौजेत गाडीवर ड्रायव्हर होते. त्यांचे दोन जिवलग दोस्त. आकाराम काका, तेही ड्रायव्हर. आणि भाऊसो काका, साहेब लोकांच्या मेसमध्ये वाढपी. तिघेही कवठे महांकाळजवळच्या आमच्याच गावचे.

आकाराम काका बौद्ध. छप्पन साली त्यांच्या घरानं दीक्षा घेतली. फौजेत तिघं एका ताटात जेवायचे. पण गावात आलं, की आकाराम काकांची जागा वेगळी. पंगतीच्या पार टोकाला, नाहीतर अंगणात.

म्हणून तिघांनी एक ठरवलं होतं. सुट्टी जुळली की शनिवारी एसटी धरायची, महाबळेश्वर गाठायचं आणि दोन दिवस एका टेबलावर बसून पोटभर जेवायचं.

तिथं कोण कुणाला ओळखतंय?

त्या वर्षी परतीचा पाऊस रेंगाळला होता. पावसाळाभर बंद असलेलं हॉटेल नुकतंच उघडलेलं. गिऱ्हाईक म्हणजे हे तिघंच.

जेवणाची खोली लांबलचक. मधोमध बारा खुर्च्यांचं टेबल. तिघं दाराकडच्या बाजूला बसले. म्हातारा वेटर कोंबडीचा रस्सा, चपात्या, भात ठेवून गेला.

भाऊसो काकांनी पिशवीतून कँटीनची रम काढली. दारूबंदीचे दिवस, त्यामुळं गुपचूप. त्यात लिंबू पिळलं, रासबेरीचं सरबत ओतलं आणि चमच्यानं ढवळलं.

"घ्या. ह्याला काकटेल म्हणत्यात. कर्नलसाहेब रोज दोन घेतोय."

"लय गोड हाय रं," आकाराम काका म्हणाले. "बायकांचं सरबत वाटतंय."

तिघं पोट धरून हसले. आप्पा म्हणतात, तसं ते नंतर कधीच हसले नाहीत.

जेवण झालं. खिडक्यांबाहेर धुकं दाटलं होतं. झाडं दिसेनाशी झाली.

आणि मग...

भुरका ऐकू आला.

कुणीतरी रस्सा ओरपत होतं. सावकाश. चवीनं.

तिघांनी एकमेकांच्या तोंडाकडं पाहिलं. तिघांचीही तोंडं बंद होती.

पुन्हा भुरका. मग बोटांनी ताट निपटल्याचा आवाज.

आवाज टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून येत होता. तिथं एक खुर्ची होती. ताट नव्हतं. माणूस नव्हता.

"चला. उठा," आप्पा म्हणाले.

आणि त्यांना उठता येईना.

पाय जमिनीला टेकलेले. दुखत नव्हते, मुंग्या आल्या नव्हत्या. फक्त ऐकत नव्हते. भाऊसो काकांनी टेबलाला दोन्ही हात रेटून जोर लावला. कपाळावरची शीर फुगली. खुर्ची तसूभर हलली नाही.

वेटरला हाका मारल्या. ओ नाही. स्वयंपाकघरात भांडं वाजत नव्हतं. पावसाचा आवाजही थांबला होता.

फक्त चावल्याचा आवाज... आणि मधूनच भुरका.

अर्धा तास गेला. मग तास.

"पंगतीत कुणी जेवत असलं तर उठू नये म्हणत्यात," आप्पा पुटपुटले. मग हात जोडून त्या टोकाकडं बघत म्हणाले, "सावकाश होऊ द्या. आमी उठतो."

आवाज थांबला.

तिघांनी उठायला जोर लावला.

...भुरका.

भाऊसो काका लहान पोरासारखे रडायला लागले.

आकाराम काका मात्र बराच वेळ त्या खुर्चीकडं बघत होते. मग ते शांतपणे बोलले.

"एकटंच टोकाला बसवलंय व्हय तुमाला? मला ठावं हाय ते कसं असतंय. या की. हितं माझ्याजवळ बसा."

खोली गप्प झाली.

मग आकाराम काकांच्या शेजारची रिकामी खुर्ची... फरशीवर घासत मागं सरकली.

त्याच क्षणी आप्पांच्या पायांत जीव आला. भाऊसो काका तर दाराबाहेर पोहोचलेसुद्धा. आप्पा त्यांच्या मागं धावले. व्हरांड्यात आल्यावर वळून पाहिलं.

आकाराम काका आतच होते.

आणि दार लागलं.

दोघांनी खांदे मारले. दार हललं नाही. आतून आवाज येत होता. आता दोघं जेवत होते.

म्हातारा वेटर धावत आला. आप्पांनी त्याची कॉलर धरली. "एवढ्या हाका मारल्या, कुठं हुतास?"

"आवं, मी दोनदा आलो हुतो दारात," तो घाबरून म्हणाला. "तुमच्यातल्या टोकाला बसलेल्या पावण्यांनी हातानं थांब म्हणून सांगितलं. म्हणून फिरलो."

पाच वाजता दार आपोआप उघडलं. आकाराम काका बाहेर आले. उजव्या हाताला अन्न वाळलं होतं. कोंबडीचा रस्सा नव्हता तो. पांढरं, कण्यांसारखं काहीतरी.

"चला," एवढंच म्हणाले.

त्याच संध्याकाळी तिघं एसटीनं परतले.

पुढच्या सुट्टीत आप्पांनी महाबळेश्वरचा विषय काढला, तर आकाराम काका म्हणाले, "न्हाई गड्या." गावातही कुणाच्या पंगतीला बसेनात. दोन वर्षांनी आप्पा भर दुपारी त्यांच्या घरी गेले. त्यांची बायको हरणाबाई उंबऱ्यात बसली होती. आतलं दार बंद.

"जेवत्यात," ती हळू आवाजात म्हणाली. "बाराला बसलं की तीनला उठत्यात, भाऊजी. रोज. ताट कवाच रिकामं हुतंय... पण उठत न्हाईत."

आप्पा तीनपर्यंत थांबले. काका बाहेर आले. किती वाळले होते!

"त्या दिवशी आमी पळालो," आप्पा म्हणाले. "तुला टाकून."

"तुमच्यासंगं मलाबी उठता येत हुतं, हिंदुराव."

"मग?"

"एकानं बसलं तरच दोघांस्नी सोडतो, असं माझ्या कानात म्हणाला."

"कोण?"

आकाराम काकांनी बंद दाराकडं पाहिलं. "हळू बोल," म्हणाले.

गेल्या वर्षी आकाराम काका वारले. त्यानंतरच आप्पांनी मला हे सांगितलं. मी सहज विचारलं, "मग आता ते कुणाजवळ बसत असेल?"

आप्पांनी पाणी मागितलं.

"भाऊसो तर धा वर्सांमागंच गेला," एवढंच म्हणाले.

आप्पा आता सत्त्याऐंशीचे आहेत. त्यांचं जेवण अलीकडं फार हळू झालंय. वय झालं, असं माझी बायको म्हणते.

त्यांचं होईपर्यंत मी ताटावरून उठत नाही, एवढंच.