उलटी गाठ

आमची लाँड्री होती. पुढे दुकान, मागे धुण्याचे हौद आणि मधल्या खोलीत इस्त्रीचं लांबलचक टेबल. गिऱ्हाइकांचे कपडे एकमेकांत जाऊ नयेत म्हणून वडील प्रत्येक कॉलरच्या आत तांबड्या दोऱ्याची खूण घालत. कुणाला फुली, कुणाला दोन टाके. घरच्या कपड्यांना तीन आडवे टाके आणि शेवटी गाठ. पुढे ते काम माझ्याकडे आलं.

दादा बोटीने पश्चिमेकडच्या देशात गेला तेव्हा तिकिटं आम्हा दोघांची काढलेली होती. तिकडे दोघांनी मिळून लाँड्री टाकायची, असं ठरलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी वडिलांनी अंथरूण धरलं.

"तू हो पुढे, मी मागून येते," मी म्हटलं.

"नक्की ये गं," एवढंच तो म्हणाला.

तो गेल्यावर थोड्याच दिवसांत माझी उजव्या हाताची तर्जनी इस्त्रीखाली सापडली. जखम भरली, पण बोट मेलं ते मेलंच; ना गार कळे, ना गरम. तेव्हापासून मी खुणा डाव्या हाताने घालते. त्यामुळे माझी गाठ उलटी बसते. "ही गाठ चोरानेसुद्धा ओळखावी," वडील चिडवायचे. दादाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याचं कधी पत्रच आलं नाही, मग कळवणार कुठे?

आईवडील गेले, लाँड्री गेली. राग केव्हाच विरला होता. शेवटी तो एकटा होता का, एवढंच मला डोळे मिटण्याआधी कळायला हवं होतं.

माझी भाची लोकांना त्यांच्या घराण्याच्या जुन्या नोंदी शोधून देते. एका दुपारी तिने मला कॉम्प्युटरसमोर बसवलं.

"मावशी, मामा सापडला! बंदरावरची नोंद आहे." मग ती पडद्याकडे वाकली. "तू बोटीवर होतीस?"

"हो तर. कप्तानाने मागणीसुद्धा घातली होती."

ती हसली नाही. पडद्यावर दादाच्या नावाखाली माझं नाव होतं. नातं: बहीण.

"तिकीट काढलं होतं ना, यादीत नाव राहिलं असेल."

"मावशी, ही चढणाऱ्यांची यादी नाही. उतरलेल्यांची आहे."

तिने तिथली जनगणना उघडली. घरात दोन माणसं, भाऊ आणि बहीण. धंदा लाँड्रीचा. पुढच्या जनगणनेत तेच दोघं, आणि बहिणीचं वय माझ्या बरोबरीने वाढलेलं.

"ठेवली असेल कुणीतरी. लोकांना बहीण म्हणून सांगत असेल," मी म्हटलं.

"तुझ्या नावाची? तुझ्याच जन्मतारखेची?"

मी समोरचा चहा प्यायले. भीती वाटायला हवी होती, पण काही वाटलं नाही. त्या बोटासारखंच झालं होतं माझं सगळं.

शेवटची नोंद गेल्या हिवाळ्यातली. दादाच्या मृत्यूची. खबर देणारी व्यक्ती: बहीण.

भाचीने तिथल्या मृत्यूनोंदणीच्या कचेरीत फोन लावला आणि मलाही ऐकू येईल असा ठेवला.

"त्यांची बहीण ना? त्या बाई काल येऊन गेल्या," तिथला कारकून म्हणाला. "तुमच्यासाठी पार्सल ठेवलंय. तुमचा फोन येईल, म्हणाल्या."

"त्यांना कसं कळलं? आम्ही कुणाला बोललोच नाही."

"ते मी कसं सांगणार?"

"दिसायला कशा आहेत?"

"वयस्कर आहेत. काय विचारू नका, माझ्या खिशातला रुमालसुद्धा काढून नीट घडी घालून दिला मला." तो हसला.

पार्सल यायला बरेच आठवडे लागले. आत एक पांढरा शर्ट होता. कडक खळ, बाह्यांची घडी पाठीमागे. आमच्या दुकानात घालायचो तशी.

मी कॉलर उलटली.

तीन आडवे टाके. तांबडे. आणि गाठ उलटी.

"म्हणजे मामा एकटा नव्हता," भाची हळूच म्हणाली.

"नाही. नव्हता."

तिने कापडाला हात लावला. "किती गारठलाय हा." मी डावा तळवा टेकवला. खरंच गार होता.

मग मी माझं मेलेलं बोट त्या गाठीवर ठेवलं.

चटका बसला. नुकतीच इस्त्री फिरवलेली असावी तसा.