आत माणूस आहे

खोटं मी कागदावर लिहितो. हे तोंडाने सांगतोय, म्हणजे खरं आहे.

मंगळवार होता. दुपारचे पावणेतीन, भुताखेतांची वेळसुद्धा नव्हे.

साबणाच्या कारखान्यात मी मिक्सरचा फिटर. मिक्सर म्हणजे दोन पुरुष उंचीचं लोखंडी पिंप, आत फिरणारी पाती. आठवड्यातून एकदा कोणीतरी आत उतरून भिंती खरवडतो.

आमच्याकडे सुरक्षेचे एक साहेब आहेत. आम्ही त्यांना टाळ्यासाहेब म्हणतो. एसीत बसवून चाळीस मिनिटं चित्रं दाखवतात, 'कौशल्य हीच सुरक्षा' म्हणतात आणि शेवटी टाळ्या वाजवायला लावतात. मशीनजवळ हा माणूस फिरकत नाही, पँटला साबण लागतो ना. जे प्रशिक्षणाला येत नाहीत त्यांच्या सह्या रजिस्टरमध्ये मी ठोकतो. त्याबद्दल मला 'सुरक्षामित्र' असा बिल्ला मिळालाय. तो छातीवर लावून मी फिरतो, यावरून माझी लायकी काय ते समजा.

खरं कौशल्य एकट्या अण्णांकडे होतं. जुने फिटर. आत उतरण्याआधी मुख्य स्विच बंद करून त्याला स्वतःचं लाल कुलूप लावायचे. किल्ली स्वतःच्या खिशात. आत गेले की पान्याने पिंपावर तीन ठोके. म्हणजे, आत माणूस आहे.

दोन वर्षांपूर्वी सुरक्षा सप्ताहात साहेबांनी सगळी कुलपं काढून घेतली आणि काचेच्या कपाटात मांडली. पाहुण्यांना दाखवायला! अण्णा बिनकुलपाचे आत उतरले. तीन ठोके दिले. बाहेरच्या ऑपरेटरला त्यांचा अर्थच माहीत नव्हता. त्याने बटण दाबलं.

प्रशिक्षणाच्या रजिस्टरमध्ये त्या ऑपरेटरची सही होती. अगदी सुवाच्य.

कपाट छान दिसतं म्हणून कुलपं नंतरही तिथेच राहिली.

तर त्या मंगळवारी पाळी बदलत होती. मी मुख्य स्विच वर करून चालू केला. "आत कोणी आहे का?" म्हणून ओरडलो. उत्तर नाही. बोट बटणाकडे नेलं...

टक. टक. टक.

लोखंडावर लोखंड.

कोणीतरी माझी फिरकी घेतंय असं वाटलं. एक शिवी हासडली. पुन्हा बोट पुढे केलं...

टक. टक. टक.

या वेळी जोरात.

मी शिडीवर चढून आत डोकावलो.

तळाशी दाजी बसले होते. माझ्या ताईचा नवरा. महिन्यापूर्वी मीच त्यांना इथे चिकटवलं होतं. कानात गाणी, हातात प्लास्टिकची पट्टी, आणि निवांत खरवडणं चाललेलं.

हातवारे करून त्यांना वर घेतलं. ताईला काय तोंड दाखवलं असतं मी?

"ठोके तुम्ही दिलेत?"

"कसले ठोके?" दाजी म्हणाले. "असं काही करायचं असतं का? मला कोणी शिकवलंच नाही."

कोण शिकवणार? त्यांची सही मीच केली होती.

पिंपात लोखंडाची एक सुटी वस्तू नव्हती. मी वळलो, आणि...

मुख्य स्विच खाली होता. त्याला लाल कुलूप होतं.

अण्णांचं.

ऑफिसात जाऊन कपाट पाहिलं. सील शाबूत, काचेवर धूळ. आत एक खिळा रिकामा.

साहेबांनी कटरने कुलूप कापून घेतलं. उत्पादन थांबलं होतं म्हणे. अहवालात लिहिलं, 'कर्मचाऱ्याच्या जागरूकतेमुळे अपघात टळला.' टाळ्या झाल्या. माझ्यासाठी. त्याच रात्री बिल्ला मी कचऱ्यात टाकला.

गेल्या सोमवारी पुन्हा प्रशिक्षण होतं. नऊ जण गैरहजर. साहेबांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं, म्हणाले, "कर पटापट."

मी पेन उघडलं...

टेबल लाकडाचं आहे. आवाज लोखंडाचा आला.

टक. टक. टक.

साहेबांना काहीच ऐकू आलं नाही. मी पेन ठेवलं आणि त्या नऊ जणांना शोधून मिक्सरपाशी नेलं. दाजीही आले. पिंप रिकामं असल्याचं सगळ्यांना दाखवलं, ठोक्यांचा अर्थ सांगितला, एकेकाला बाहेरूनच ठोके द्यायला लावले. शेवटच्याने तीन ठोके देऊन पाना खाली ठेवला...

आणि आतून तीन ठोके आले.

मी पुन्हा डोकावलो. आत कोणी नव्हतं.

पण आता अर्थ सगळ्यांना माहीत होता. त्या पाळीला बटण दाबायला एकही जण पुढे आला नाही. मीसुद्धा नाही.