शिजली की काढू

रस्ता माझ्या बापाचा नव्हता हे खरं, पण त्या दिवशी मी हॉर्न असा वाजवला जणू सातबाऱ्यावर माझंच नाव होतं.

आमच्या शेतातल्या घराकडे जाणाऱ्या गाडीवाटेत हळद शिजवायचं कुकर आडवं उभं होतं. ट्रॉलीवर पाण्याची टाकी, खाली जाळ, बाजूला चार उंच ड्रम आणि सगळीकडे पांढरी वाफ. त्या वाफेतून एक जण बाहेर आला. कोपरापर्यंत पिवळे हात, खांद्यावर टॉवेल, आणि चेहऱ्यावर घाई नावाची गोष्टच नाही.

"गाडी बाजूला घ्या. मला घरी जायचंय," मी म्हणाले.

"हळद शिजली की काढतो, मॅडम."

"किती वेळ लागेल?"

"ते हळदीला इचारावं लागंल."

मला राग यायला हवा होता. पण तो ड्रममधून एक हळकुंड काढून त्यात बारीक काडी खुपसत होता, मग डोळे मिटून वास घेत होता... आणि मी स्कूटी बंद करून चक्क बघत बसले. फाल्गुनातलं ऊन, ओल्या हळदीचा तो उग्र-गोड वास, आणि मिटलेले डोळे. पापण्या लांब होत्या. हे मी लगेच पाहिलं, खोटं कशाला बोलू?

"मॅडम म्हणून कसं ओळखलं मला?"

"कळमनुरीला तुमच्या क्लासच्या बोर्डावर फोटो हाय नं. येता-जाता पाहतो."

"रोज?"

"बोर्ड रोज असतो तिथं," तो म्हणाला आणि ड्रमचं झाकण उघडायला वळला. कान मात्र लाल झाले होते.

तिसऱ्या दिवशी तो क्लासला हजर. कळमनुरीच्या बसस्टँडमागे, खताच्या दुकानाच्या माडीवर माझा क्लास आहे. इंग्रजीत एमए केलं, पुण्याला जायचं सोडून इथेच फळा लावला, आणि आता अठ्ठावीस पोरं-पोरी माझ्या धाकात असतात. तो मागच्या बाकावर बसला. नाव शिवहार. गाव सेनगावकडचं गोरेगाव. शेतीची पदवी घेऊन वडिलांचं कुकर चालवणारा.

"इंग्रजी कशाला पाहिजे?" मी विचारलं.

"आमचा शेतकरी गट केरळच्या व्यापाऱ्याला हळद देऊन राहिला. तो व्हिडिओवर बोलतो. हळद कवा उकरली, कवा शिजवली, कवा वाळवली, समदं इचारतो. मी सांगितलं की म्हणतो, व्हॉट?"

वर्ग हसला. तोही हसला, आणि मला ते आवडलं. स्वतःवर हसणारा पुरुष आमच्याकडे सहजासहजी सापडत नाही.

"सांगा बरं, व्यापाऱ्याला काय सांगता?"

तो उभा राहिला. "व्हेन द टर्मरिक विल बॉइल, वी विल टेक इट आउट."

"दोन वाक्यांत दोन विल. एक जास्तीचं आहे. मराठीत काय म्हणता तुम्ही?"

"हळद शिजली की काढू."

"'शिजेल की काढू' म्हणता?"

"न्हाई."

"काहून न्हाई? शिजायची तर अजून बाकी आहे."

त्याने ओठातल्या ओठात दोन्ही वाक्यं म्हणून पाहिली. "कारण... काढायच्या आधी ते काम पुरं झालेलं पाहिजे," तो सावकाश म्हणाला.

"बराबर. 'काढू' हे मुख्य वाक्य, ते आपल्या पायावर उभं आहे. तिथं विल ठेवा. 'शिजली की' हे त्याच्या आधाराने आलेलं वाक्य. तिथं काम पुरं झालं एवढंच दाखवायचं. व्हेन द टर्मरिक हॅज बॉइल्ड, वी विल टेक इट आउट."

"म्हंजे हे इंग्रजी मला आधीपासूनच येत व्हतं," तो म्हणाला.

पाच वर्षं शिकवत होते, पण असं समाधान मला कुणी दिलं नव्हतं. पुढे दोन आठवडे तो रोज आला. क्लास सुटला की फळा पुसायला थांबायचा. मी आधीच पुसलेला असायचा, तरी पुसायचा. "मॅडम, आफ्टर नंतर बी हॅज चालतं का?" "चालतं." "अन् अनटिल नंतर?" "तिथंही." "मग उद्या अजून एखादा शब्द शोधून आणतो." शंका संपू नयेत म्हणून कुणी इतकी मेहनत घेतलेली मी पाहिली नव्हती.

घरी मात्र वेगळंच शिजत होतं. पुण्यात नोकरीला असलेल्या एका इंजिनिअरचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला होता, हीच अडचण होती. बाबांनी मला विचार करायला मुदत दिली आणि शेवटी म्हणाले, "सोमवारी मी त्यास्नी शब्द देऊन टाकतो. तवर काय सांगायचं ते सांग, राधिका." माझे बाबा ग्यानबा म्हणजे शब्दाचे पक्के. एकदा दिलेला शब्द ते परत घेणार नाहीत. सोमवारच्या आत शिवहारने काही बोलावं, एवढंच मला हवं होतं. क्लासमध्ये रोज सांगते, चुकलं तरी बोला. आणि स्वतः त्याच्या बोलण्याची वाट बघत बसले होते.

रविवारी कुकरचा नंबर आमच्या शेताचा होता.

आमच्याकडे एक रीत आहे. हळद कुणाचीही असो, ती शिजली की नाही हे कुकरवालाच ठरवतो. शेतमालक मध्ये तोंड घालत नाही. म्हणून प्रत्येक ड्रममागे कुकरवाल्याचं नाव पणाला लागलेलं असतं. जास्त शिजून एक ड्रम गाळ झाला की संध्याकाळपर्यंत चार गावांत बोभाटा होतो आणि पुढचे नंबर दुसरीकडे वळतात.

दुपारी मी चहा घेऊन गेले. बाबा पलीकडे हळद पसरत होते, बायका लिंबाखाली कंद मोडत होत्या. तिसऱ्या ड्रमला वाफ धरली होती.

"उद्या बाबा पुण्याच्या स्थळाला होकार कळवणार," मी कप देताना म्हणाले.

कप त्याच्या हातात तसाच राहिला. "तुमाला पसंत हाय?"

"मला दुसऱ्या कुणी विचारलंच नाही."

त्याने कप ट्रॉलीच्या कडेवर ठेवला. टाकी खदखदत होती. मग खाली बघत म्हणाला, "मॅडम, एक वाक्य तपासता का? आय हॅड सीन यू बिफोर यू सॉ मी."

"बरोबर आहे." मी फळ्यासमोर असल्यासारखं म्हणाले. "आधी घडलं ते हॅड... किती आधी?"

"क्लासचा नवा बोर्ड लागला त्या दिवशी. शिडी मीच धरली व्हती. तुमी वर पाहत व्हत्या, बोर्ड सरळ लागला का ते."

"पुढचं वाक्य?"

"येत न्हाई."

"येत नाही, की बोलवत नाही?"

त्याने मान वर केली. मीही खाली घातली नाही. किती वेळ गेला, मला खरंच सांगता येणार नाही... लिंबाखालून कंद मोडणाऱ्या सुभद्राबाई ओरडल्या तेव्हा आम्ही दोघं दचकलो. "अरे लेकरा, वास बदलला की!"

शिवहार धावला. झाकण उघडलं तर तिसऱ्या ड्रमातली हळद बोट लावताच चेपत होती. रंग काळपट पडला होता. बाबा आले, त्यांनी एक कंद उचलला, दाबला. तो पिठासारखा फुटला.

"लाकूड लई वाळलेलं व्हतं, ग्यानबा," सुभद्राबाईंनी सांभाळून घेतलं. "जाळ भडकला."

"न्हाई मावशी, लाकूड बराबर व्हतं," शिवहार म्हणाला. "चूक माझी हाय, काका. माझं ध्यान न्हवतं."

"ध्यान कुठं व्हतं?"

उत्तराऐवजी त्याने ड्रमचं झाकण उचलून बाजूला ठेवलं. कारण दिलं तर माझं नाव येणार, नाही दिलं तर त्याचं जाणार. माझ्याकडे न बघता तो आपलं नाव घालवायला निघाला होता. बायका एकमेकींना कोपर मारत होत्या. त्या क्षणी मला कळलं की मी याच्या प्रेमात आहे, आणि वाट बघणं आता पुरे.

"त्याचं ध्यान माझ्याकडं व्हतं, बाबा," मी म्हणाले. "आन् माझं त्याच्याकडं. पुण्याच्या लोकांना न्हाई म्हणून कळवा. मला शिवहारशी लग्न करायचंय."

कोपरं थांबली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "व्हय का रे?"

"व्हय," शिवहार म्हणाला. आवाज स्वच्छ होता. "दोन वर्षं झाली. सांगायची हिंमत न्हवती."

बाबांनी हात धोतराला पुसले. बराच वेळ पुसले. "बापाचं नाव काय तुझ्या?"

"सोनाजी."

"लाव फोन."

पिवळ्या बोटांनी त्याचा नंबर दोनदा चुकला. बाबांनी फोन कानाला लावला. "राम राम सोनाजीराव. ग्यानबा बोलतो, कळमनुरीकडून. तुमच्या पोरानं माझा एक ड्रम घालवला... न्हाई, न्हाई, तकरार न्हाई. बहाणा तयार व्हता, तरी लेकरू खोटं बोललं न्हाई. उद्या घरी या. लेकीचा विषय हाय, बसून बोलू."

फोन परत देत ते माझ्याकडे वळले. "तू आता घरी जाय. अजून चार खेपा शिजायच्या बाकी हायेत. न्हाई तर समदी हळद जायची."

मी कप उचलले. पण शिवहारने जाळातली दोन लाकडं मागे ओढली, टॉवेल डोक्याला बांधला आणि ड्रमसमोर पाय रोवून उभा राहिला.

"राधिकाला थांबू द्या," तो म्हणाला. "तिच्यासमोर बराबर शिजवून दाखवतो, मामा."

आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. बाबांनी माझ्या हातातले कप घेतले आणि स्वतःच घराकडे निघाले.