मूळ माप

दर सोमवारी सकाळी वसुधा पांढरीपांडे प्रयोगशाळेतल्या खुर्चीत बसे, डोक्यावर संवेदकांची टोपी चढवी आणि देशातल्या तमाम नोकरदारांचे पगार ठरण्याची सोय करून देई. चौदा वर्षं ती हे करत होती. त्यात करायचं काहीच नसे, नुसतं बसायचं. एवढ्या मोठ्या कामाला इतकं कमी कौशल्य लागतं हे तिच्या सोसायटीत कुणाला पटत नसे, म्हणून तिनं सांगणंही सोडून दिलं होतं.

पडद्यावर एखाद्या कामाची दृश्यं येत. टेबल, टेबलापलीकडची माणसं, कुणाच्या तरी कामात संपून जाणारा दिवस. असा आपला दिवस दुसऱ्याच्या हवाली करायचा म्हटलं की माणसाच्या मनात आतून विरोध उभा राहतो आणि मेंदूत त्याची खूण उमटते. नागपूरच्या या संस्थेनं त्याला नाव दिलं होतं नकारदाब. तो मोजणारं यंत्र म्हणजे तळमापी. उमेदवार तोंडानं काहीही मागो, तळमापी त्याचा तळआकडा सांगून मोकळी होई. त्याहून कमी दिलं तर माणूस खरोखरच उठून जाईल, आणि त्याहून जास्त द्यायची काही गरज नाही. त्यामुळे त्याहून जास्त कुणी देतही नसे.

"ब्याऐंशी," डॉ. ढोबळे पडद्याकडे बघत खुशीत म्हणाले. "मॅडम, तुमच्यासारखं माणूस मिळणं नाही. पाठवून देतो."

त्यांनी कळ दाबली आणि देशभरातल्या तळमाप्या त्या आठवड्यासाठी नव्यानं जुळवल्या गेल्या.

"सर, मी नोकरी बदलतेय," वसुधा म्हणाली.

ढोबळ्यांचा चहा कपातच राहिला. "कुठं जाऊन राहिल्या?"

"अक्षांशमध्ये. उपग्रह दुरुस्तीवाले. त्यांना मनाची मोजमापं कळणारं माणूस हवंय. पण किती मागायचं तेच ठरत नाही. ही टोपी कशी घालायची हे मी जिला शिकवलं, ती मानसी आज एक लाख सत्तर घेते."

"मग मागा ना तुम्हीही!"

"मागून काय होणार? यंत्र ब्याऐंशीच सांगणार."

"यंत्राचा काय दोष? तुमचा नकारदाबच तेवढा आहे." ढोबळे खुर्ची ओढून बसले. शिकवायला मिळालं की त्यांना बरं वाटे. "हे बघा, यंत्राला दाब कळतो, रुपये नाही कळत. दाबाचे रुपये करायचे तर असं एक माणूस पाहिजे, ज्याचा दाबही माहीत आणि आकडाही माहीत. तुम्ही पहिल्या दिवशी आल्या तेव्हा आम्ही एक्क्याऐंशी हजार म्हटलं. तुम्ही पर्स घेऊन उठल्या. ब्याऐंशी म्हटलं, बसल्या. तेव्हाच तुमचा दाब टिपून घेतला. तो दाब म्हणजे ब्याऐंशी हजार. महागाईची भर वेगळी. बाकी सगळ्यांचं गणित त्यावरून."

"आणि दर सोमवारी परत?"

"संवेदक शिळे होतात ना. आठवडाभरात आकडा जरा इकडंतिकडं होतो. मग तुम्हाला बसवतो आणि तो ब्याऐंशीवर आणून ठेवतो. यंत्रं बदलतात, तुम्ही नाही बदलत. चौदा वर्षांत एकदा तरी पगारवाढ मागितली का? तीच तर तुमची लायकी!"

ते कौतुक होतं. वसुधाला ते चपराकीसारखं लागलं.

"नोकरी बदला खुशाल," ढोबळे समजुतीच्या सुरात म्हणाले. "सोमवार मात्र सुटायचा नाही. कायद्यातच नाव आहे तुमचं."

संध्याकाळी तिनं हे सगळं बहिणीला सांगितलं. धाकटी चित्रा एका इस्पितळात परिचारिका होती आणि बोलायला फटकळ होती.

"तुला पगार वाढवायचा नाही ताई, तुला नाही म्हणायला शिकायचंय," ती म्हणाली. "तू सगळ्यांना फुकटात मिळून राहिली. यंत्राला तेच दिसतं. खरोखर नाही म्हणायला लाग, आकडा आपोआप वर जाईल."

आणि शिकवणी सुरू झाली. सोसायटीच्या गणपतीचा हिशेब वसुधाच्या गळ्यात मारायला सेक्रेटरी आले, तेव्हा चित्रा दारामागं उभी राहून तिला डोळे वटारून बघत होती. वसुधा कशीबशी "नाही" म्हणाली. मग नणंदेच्या मुलीचा प्रकल्प करून द्यायला नाही. ऑफिसातल्या दुसऱ्याच्या सुट्टीचं काम करायला नाही. सुरुवातीला प्रत्येक नकारानंतर तिला अपराधी वाटे. मग एक दिवस वाटलं नाही. रविवारच्या दुपारी ती गॅलरीत नुसती बसली होती, आणि ही दुपार माझी आहे, ती मी कुणाला स्वस्तात देणार नाही, असं तिच्या मनात अगदी शांतपणे आलं. तिला रडू फुटलं. इतक्या वर्षांत स्वतःबद्दल असं तिला कधीच वाटलं नव्हतं.

त्या दिवशी तिला आपला आकडाही सापडला. ब्याऐंशीला आता तिनं टेबलही पुसलं नसतं. एक लाख वीस. त्याखाली नाही म्हणजे नाही.

त्याच महिन्यांत बातम्यांमध्ये एक आनंदाची बातमी वरचेवर येत होती. देशातले तळआकडे सगळीकडे घसरत होते. श्रममंत्री हसतमुखानं सांगत होते, की लोकांची हाव कमी झाली आहे, समाज समाधानी होत चालला आहे. वसुधानं बातमी ऐकली आणि भाजी फोडणीला टाकली.

अक्षांशच्या रेवती पाठराबे मोठ्या अदबीनं बोलल्या. त्यांना वसुधा हवीच होती. टोपी चढवली, दृश्यं झाली. वसुधानं स्वच्छ आवाजात मागणी सांगितली, "एक लाख वीस हजार."

पाठराबेबाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. ब्याऐंशी.

"हे चुकलंय," वसुधा म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात," पाठराबेबाई मनापासून दिलगीर होत्या. "माझ्या हातात असतं तर मी दिले असते. पण यंत्र म्हणतं तुम्ही ब्याऐंशीला याल. जास्त दिले तर लेखापरीक्षक मला विचारतील."

"मी येणार नाही."

"याल हो."

वसुधा पर्स घेऊन उठली आणि चालू लागली. मागून बाई म्हणाल्या, "जागा राखून ठेवते. परत याल तेव्हा थेट मला भेटा." त्या आवाजात कुजकेपणा अजिबात नव्हता. त्यांचा यंत्रावर विश्वास होता, इतकंच.

जिन्यात तिचे पाय हलके झाले होते. पैसे गेले, पण ती उठली होती. यंत्र म्हणालं बसेल, आणि ती उठली होती! हे चित्राला सांगायलाच हवं म्हणून तिनं फोन काढला, तर चित्राचाच फोन आला.

"ताई, नव्या इस्पितळात चाचणी झाली माझी." चित्राचा आवाज बसला होता. "चव्वेचाळीस सांगितले गं. मागच्या वर्षी चौसष्ट होते. मी काय एवढी स्वस्त झाली? मला तर तसं काहीच नाही वाटून राहिलं. जुनी नोकरी सोडून बसले मी. परवा दुपारी फेरचाचणी घेऊ म्हणाले, मग जो येईल तोच आकडा कायम."

वसुधा जिन्यातच बसली. तिनं मनातल्या मनात त्रैराशिक मांडलं. एकशेवीसला यंत्र ब्याऐंशी म्हणतं, तर चौसष्टला किती म्हणेल? उत्तर चव्वेचाळीसच्या आसपास येत होतं.

ती तडक ढोबळ्यांकडे गेली.

"सर, यंत्रं शिळी होत नाहीयेत. मी बदलतेय. माझा दाब वाढला, आणि त्या वाढलेल्या दाबाला तुम्ही दर सोमवारी ब्याऐंशीच म्हणताय. तराजूतलं किलोचं मापच जड झालं तर सगळ्यांची भाजी कमी भरणार नाही का?"

ढोबळ्यांनी नोंदी उघडल्या. यंत्राला दिसलेला कच्चा दाब चार महिने चढत होता आणि ते दर सोमवारी तो संवेदकांचा दोष समजून खाली ओढत होते. त्यांचा चेहरा उतरला.

"मग सांगा ना सगळ्यांना!"

"आणि सिद्ध कशावर करू?" ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही बदलल्या हे मोजायला यंत्र पाहिजे. देशातलं प्रत्येक यंत्र तुमच्यावरून जुळवलेलं. कुठल्याही यंत्रात बसा, ब्याऐंशीच येणार. मी ओरडलो तर म्हणतील, ढोबळ्याचे संवेदक बिघडले."

"मी आज पाठराबेबाईंसमोर ब्याऐंशीला उठून आले!"

"त्या म्हणतील, परत येईल."

"मग मी सोमवारी येतच नाही."

"तर गेल्या सोमवारचंच माप चालू राहील. तुमच्या बहिणीचे चव्वेचाळीस तसेच." ढोबळ्यांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते. "एकच उपाय आहे मॅडम. तुम्ही पूर्वीसारख्या व्हा. थोडं मन मारा. तुमचा दाब उतरला की सगळ्यांचे आकडे वर येतील. तुमचे ब्याऐंशी तर कुठं जात नाहीत."

नाहीच जाणार. ती कितीही महाग झाली तरी ब्याऐंशी, कितीही स्वस्त झाली तरी ब्याऐंशी. जगात एकाच माणसाचा पगार तिच्या मनावर अवलंबून नव्हता, तिचा स्वतःचा.

सोमवारी ती आली. चित्रासाठी आली. टोपी चढवताना तिनं ठरवलं होतं, आज आपण काहीच नाही. आपला दिवस रिकामा आहे, कुणीही न्यावा. दृश्यं सुरू झाली आणि ती स्वतःला बजावत राहिली, दे, देऊन टाक, तुझं काय जातंय, ती धाकटी आहे.

आणि मनाच्या तळातून काहीतरी उसळून आलं. मीच का? सगळ्या देशानं आपापली किंमत राखावी म्हणून मी एकटीनं माझी मातीमोल करायची? सेक्रेटरीला नाही म्हणताना, अक्षांशमधून उठताना जे वाटलं होतं, ते याच्यापुढे काहीच नव्हतं. तिनं ते दाबायचा प्रयत्न केला, चित्राचा चेहरा डोळ्यांपुढे आणला. जितकं दाबलं तितकं ते वाढलं. एवढा मोठा नकार तिनं आयुष्यात कुणालाच दिला नव्हता, आणि टोपी तो शांतपणे मोजत होती.

ढोबळ्यांनी कच्च्या दाबाच्या नोंदीकडे पाहिलंच नाही. चौदा वर्षांच्या सवयीनं त्यांनी यंत्र जुळवलं, आणि त्यांचं लक्ष नेहमीच्या रुपयांच्या चौकोनाकडे होतं.

"ब्याऐंशी!" ते सुटकेचा श्वास सोडत म्हणाले. "बघा, मनावर घेतलं की जमतं."

"नाही जमलं सर, दाब आणखी वाढलाय," वसुधा टोपी ओढून काढत म्हणाली. "पाठवू नका. हात जोडते, पाठवू नका. दुपारी चित्राची चाचणी आहे."

"असं काय करून राहिल्या? आकडा बरोबर आहे ना," ढोबळे म्हणाले आणि त्यांनी कळ दाबली.